सहा नंबर

"सहा नंबर," दुकानाच्या काचेच्या दारातून आत येता येताच किसन ओव्हाळांनी सांगून टाकलं. "लेडीज. पळायचे. हलके दाखवा आन टिकाऊ दाखवा."

फळीवर मोज्यांच्या जोड्या लावत बसलेली मुलगी उठली. अल्फिया तिचं नाव. दुकान तिच्या मामाचं. "बसा काका," ती म्हणाली. "आमच्याकडे नंबर सांगायचा नसतो, आम्ही मोजतो. पळणार कोण?"

"ही. माझी मुलगी, आम्रपाली. पुढच्या शुक्रवारी पोलीस भरतीचं ग्राउंड हाय हिचं. मोजायची गरज न्हाई. सहाच बसतो."

आम्रपाली अजून दाराशीच उभी होती. खांद्यावरची पिशवी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

किसन ओव्हाळांना नंबर सांगू नका म्हणणं म्हणजे शिंप्याला टेप बाहेर ठेवून या म्हणण्यासारखं होतं. चाकणजवळच्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. हेल्मेट, हातमोजे, गॉगल आणि सेफ्टी शूज देण्याची खिडकी त्यांची. नवा माणूस गेटातून आत शिरला की तो खिडकीपर्यंत पोचायच्या आत ओव्हाळांनी त्याच्या नंबरचा खोका काढून ठेवलेला असायचा. यावर चहाच्या पैजा लागत आणि ओव्हाळ त्या जिंकत. कुणी दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आलाच तर त्याला ठरलेलं उत्तर मिळे, "घाल आठ दिवस, बसंल पायाला." पोरं पाठीमागे त्यांना 'आठ दिवस' असंच म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकतीस वर्षांत हजारो पावलं त्या खिडकीसमोरून गेली. खिडकी छातीएवढी उंच असल्यामुळे त्यातलं एकही त्यांनी उघडं पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

गुरुवार होता, म्हणजे कंपनीला सुट्टी. मंगळवारी सरावात आम्रपालीच्या जुन्या बुटाचा तळ सुटला, तेव्हा मैदानावरच्या मुलींनी थेरगावातल्या या दुकानाचं नाव सांगितलं. मी एकटी जाऊन येते, असं ती दोन दिवस म्हणत होती. पण बूट घ्यायचे आणि ओव्हाळांनी घरी बसायचं, हे कसं जमावं? कुरुळीपासून डांगे चौकातली गर्दी कापत ते तिला मोटरसायकलवर घेऊन आले, ते रस्ताभर बुटांबद्दल बोलतच. तळ कसा पाहावा, शिलाई कशी पाहावी. ती मागे बसून "हं" म्हणत होती.

ही भरती तिची शेवटची होती. घरात ते कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, एवढंच. आम्रपाली बत्तीस वर्षांची होती आणि यापुढच्या भरतीला ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. चाकणमध्ये ती पॅकिंगला उभी राहायची. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरी कंपनी, दुसरं ओळखपत्र, पुन्हा सात महिने. वर्दी मिळाली असती तर हे दारोदार फिरणं एकदाचं संपलं असतं. मागच्या भरतीत ती एका मार्काने राहिली. गोळा चांगला गेला, शंभर मीटर चांगलं झालं, आठशे मीटरला चार सेकंद जास्त लागले. "शेवटच्या वळणावर दम गेला," असं तिने घरी येऊन सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हापासून ओव्हाळ तिचा दम वाढवत होते. रोज चार उकडलेली अंडी, वाटीभर भिजवलेले शेंगदाणे, वर गूळ. पोरीला पळायचंय का कुस्ती खेळायचीय, असं त्यांची बायको कस्तुराबाई विचारायची. त्यावर ओव्हाळांचं म्हणणं असं की बूट मी दिले, पाय देवाने नाही तर निसर्गाने दिले, आता राहिला तो दमच.

"मोजे काढा," अल्फियाने लोखंडी पाट खाली ठेवला. पावलाएवढाच होता तो, वर आकडे आणि एक सरकती पट्टी.

"मोज्यांवरूनच मोजा ना," आम्रपाली म्हणाली.

"मोज्यांवरून नाही मोजत ताई. चुकतं."

"काढ की गं, लाजती काय," ओव्हाळ म्हणाले. "अन् ती पिशवी दे इकडं."

पिशवी तिने दिली नाही. शेजारी ठेवली. मग उजवा मोजा काढला, तोही बोटांपाशी आल्यावर थांबून, जपून. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. शेजारच्या बोटाला नखच नव्हतं. त्याच्या पलीकडच्या दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि ती कडेने मळली होती.

"हे कधी झालं?" ओव्हाळांनी विचारलं.

"दार लागलं पप्पा. मागच्या आठवड्यात."

मग तिने डावा मोजा काढला. तिथेही तसंच होतं. दार दोन्ही पायांना कसं लागलं, हे कुणी विचारलं नाही. पण ओव्हाळ पुढे झुकून बसले होते ते तसेच राहिले.

अल्फियाने पाऊल तळहातावर घेतलं, उलटं करून पाहिलं. बोटांच्या खालच्या बाजूला, जिथे सहसा कातडी मऊ असते, तिथे घट्टे पडले होते. तिने एकवार आम्रपालीच्या तोंडाकडे पाहिलं. आम्रपालीने अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. अल्फियाने पाऊल पाटावर ठेवलं. "उभ्या राहा," एवढंच म्हणाली. "सगळा भार पायावर द्या."

डाव्या पायावर भार देताना आम्रपालीने खुर्चीची पाठ धरली.

"पाच," अल्फियाने पट्टी वाचली. "डावा बरोब्बर पाच. उजवा पाचाला किंचित कमी."

"काय सांगता," ओव्हाळ हसले. "पट्टी जुनी झाली असंल तुमची. दीड वर्ष सहा घालून पळतीया ती."

"पट्टी याच वर्षीची आहे काका."

"मग धरायला चुकलं असंल. मालक न्हाईत का?"

मालक मागेच होता. उमर त्याचं नाव, अल्फियाचा मामा. चाळिशीचा, अंगाने बारीक, बोलायला सावकाश माणूस. तो पडद्याआडून आला आणि आल्या आल्या त्याने आधी दोघांचे पाय पाहिले, मग तोंडं पाहिली. ओव्हाळांना त्याची ही सवय ओळखीची वाटली आणि त्यामुळेच थोडी झोंबली.

"जुने बूट आणलेत का ताई?" त्याने विचारलं. "नवे देण्याआधी मी जुने बघतो."

"नाही आणले."

"आणलेत की," ओव्हाळ म्हणाले. "पिशवीत हायत. मीच टाक म्हणालो व्हतो." आणि तिचा हात पोचायच्या आत त्यांनी पिशवी उचलून उघडली. या बुटांचा त्यांना अभिमान होता. दीड वर्षापूर्वी पिंपरीत जाऊन, तिला न सांगता, नुसत्या नजरेच्या अंदाजाने त्यांनी ते आणले होते. निळे, बाजूला पांढरी पट्टी. आम्रपाली त्या दिवशी शिफ्टवरून आली तेव्हा जोडी तिच्या उशीवर ठेवलेली होती.

उमरने बूट हातात घेतला. तळ पाहिला, टाच दाबली, आतून टाचेचं कापड झिजून स्पंज बाहेर आला होता तो पाहिला. मग त्याने दोन बोटं आत घातली, पुढे पार टोकापर्यंत, आणि तिथून काहीतरी ओढून काढलं. छोटी पांढरी सुरळी होती. दुसऱ्या बुटातूनही तशीच निघाली. त्याने दोन्ही बाकावर ठेवल्या.

ओव्हाळांनी त्या ओळखल्या. न ओळखायला काय झालं? कंपनीत रोज शेकड्याने ते हातमोजे त्यांच्याच हातून जायचे. पांढरे विणलेले, मनगटाला निळी कड. फाटलेल्या जोड्या ते घरी फरशी पुसायला आणत. त्यातल्याच एका हातमोज्याची बोटं कापून, आत कापूस कोंबून, तोंड दोऱ्याने शिवून टाकलेलं होतं. टाके बारीक आणि नेटके होते.

"हे कधीपासून घालता?" उमरने विचारलं.

"ते आपलं असंच असंल," ओव्हाळ म्हणाले. "पायाला मऊ लागावं म्हणून."

"पहिल्यापासून," आम्रपाली म्हणाली.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. अल्फिया उगाच मोज्यांची फळी पुन्हा लावायला लागली.

"तुमचं काम काय काका?" उमरने विचारलं. ओव्हाळांनी सांगितलं. एरवी ते हे सांगताना एकतीस वर्षांचा आकडा आधी सांगत. आज तो मागाहून आला. उमरने ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "तरीच. सेफ्टी शूजला पुढे लोखंडाची टोपी असते. बोटं आपटू नयेत म्हणून एक नंबर वरचा देतात. बरोबर?"

"बरोबर. तसंच देतात."

"मग एकतीस वर्षं तुमची नजर त्या टोपीसकट मोजतेय. नजर चुकीची नाही तुमची. पण पळायच्या बुटात टोपी नसते."

तो हे हसून किंवा टोमणा मारून म्हणाला असता तर बरं झालं असतं. ओव्हाळांना भांडता आलं असतं. पण तो एका जाणत्या माणसाने दुसऱ्या जाणत्याशी बोलावं तसा बोलला.

"तुम्ही स्वतः किती घालता?" उमरने विचारलं.

"नऊ."

"मोजू?"

"नको," ओव्हाळ घाईने म्हणाले आणि पाय खुर्चीखाली घेतले.

अल्फियाने पाच नंबरच्या तीन जोड्या काढल्या. आम्रपालीने पहिली घातली, नाड्या ओढल्या आणि अंगठा आत वरखाली हलवून पाहिला. तिच्या तोंडावर काही क्षण असं काही आलं की ओव्हाळांना ते पाहवेना. लहानपणी ताप उतरल्यावर ती अशी दिसायची.

"जरा पळून दाखवा," उमर म्हणाला. दुकानाच्या कोपऱ्यात ट्रेडमिल होती. आम्रपाली चढली. उमरने मागे बसून तिच्या पावलांवर मोबाइल धरला. पट्टा फिरू लागला, आधी सावकाश, मग भरभर. ओव्हाळ खुर्चीवरूनच पाहत होते. त्यांना ती छान पळतेय असंच वाटलं. पाठ ताठ, हात कोपरात, श्वास एकसारखा. दम तर मुळीच कमी नव्हता. हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते घाईने बाजूला सारलं.

"थांबवा," उमर म्हणाला.

त्याने मोबाइलवरचं चित्र अगदी हळू करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग आम्रपालीला खुर्चीवर बसवून बूट-मोजे काढायला लावले आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली.

"डाव्या नडगीला किती दिवस झाले?"

"कुठं काय झालंय तिला?" ओव्हाळ म्हणाले. "धडधाकट हाय."

उमरने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने अंगठा नडगीच्या हाडावरून वरून खाली नेला, सावकाश, एकेक बोट जागा चाचपत. मध्याच्या थोडं खाली एका ठिकाणी तो आला आणि आम्रपालीने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की तिची नखं पांढरी झाली. तोंडातून आवाज मात्र आला नाही.

"इथेच दुखतं, का सगळीकडे?"

"इथेच."

"झोपेत ठणकतं?"

तिने वडिलांकडे पाहिलं. "कधी कधी."

"सैल बूट निसटू नये म्हणून दीड वर्ष बोटांनी धरून पळाल्या आहेत या," उमर ओव्हाळांना म्हणाला. "घट्टे पाहिलेत ना? त्याचा सगळा ताण नडगीवर येतो. हाड दुखावलंय काका. भेग पडलीय का, ते एक्स-रेमध्ये दिसेल. उद्याच्या उद्या फोटो काढा. आज मी बूट देणार नाही."

"देणार न्हाई म्हंजे?"

"फोटो बघितल्याशिवाय नाही देणार."

ओव्हाळ उठले. खुर्ची मागे सरकली आणि भिंतीला लागली. "आमी काय फुकट मागायला आलोय का? परवडणार न्हाई असं वाटलं व्हय तुला? कुरुळीवरनं आलोय. गिऱ्हाइकाचं तोंड बघून माल काढता काय तुमी?"

हे शब्द त्यांनी कितीतरी वर्षं साठवून ठेवलेले होते, दुसऱ्याच कुठल्या कुठल्या काउंटरांसाठी, जिथे ते गप्प बसून बाहेर पडले होते. निघाले ते मात्र उमरच्या अंगावर. उमर मांडी घालून बसला होता तसाच राहिला.

"माझे वालिद देहूरोडला लष्कराच्या गेटबाहेर बसून बूट दुरुस्त करायचे," तो म्हणाला. "तोंड बघायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही काका. या पायाने ताई आठशे मीटर जीव तोडून पळाल्या तर हाड मैदानावरच मोडू शकतं. मग वर्दी राहिली बाजूला, सहा महिने कंपनीतसुद्धा उभं राहता येणार नाही. ते बूट माझ्या दुकानातले असतील."

"तू काय डॉक्टर हायस?"

"नाही. म्हणून तर फोटो काढा म्हणतोय."

"मला माहितीये," आम्रपाली म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. तरी दोघेही वळले.

"महिना झाला, मला माहितीये ते. म्हणूनच फोटो काढला नाही. काढला तर डॉक्टर नको म्हणणार. घरात कळलं तर मम्मी नको म्हणणार." ती डाव्या पायाकडे पाहत बोलत होती. "तीन मिनिटं पळायचंय. तीन मिनिटं सुद्धा नाहीत. तेवढं टिकू दे. मग मोडलं तर मोडलं."

ओव्हाळ खाली बसले. मागे गेलेली खुर्ची ओढायची ते विसरले आणि बाकावरच बसले, त्या दोन पांढऱ्या सुरळ्यांच्या शेजारी. विचारायचं नव्हतं, कारण उत्तर त्यांना कळून चुकलं होतं. पण न विचारता उठणंही त्यांना जमेना.

"मागच्या बारीला," ते म्हणाले, "दम गेला व्हता ना तुझा?"

आम्रपालीने चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबून बसवलं.

"आमू."

"बूट निसटला पप्पा. शेवटच्या वळणावर. टाच बाहेर आली अन् पाय फिरला. सावरेपर्यंत दोघीजणी पुढे गेल्या."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं ना. पहिल्याच दिवशी. सैल होतायत म्हणाले होते मी."

त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं होतं, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ओव्हाळांना आपलाच आवाज ऐकू आला, खिडकीतून बाहेर पडावा तसा, खात्रीचा आणि थोडा कौतुकाचा.

त्यांना भयंकर लाज वाटली. वर्षभर त्यांनी स्टोअरमध्ये ज्याला त्याला सांगितलं होतं की पोरगी गुणाची आहे, फक्त दम कमी पडतो. ती समोर बसून रोज चार अंडी गिळत होती आणि एका शब्दाने बोलत नव्हती. एकदा चौथं अंडं तिने नको म्हटलं तेव्हा ते केवढे चिडले होते. दुसरं कुणी असतं तर त्यांनी त्याला सोडलं नसतं, पण इथे दोष द्यायला आपल्याखेरीज कुणीच सापडेना.

"तुम्ही सांगा पप्पा," आम्रपाली म्हणाली. "पळू का नको? तुम्ही नको म्हणालात तर नाही पळत. घरी जाऊ."

असंच चालत आलं होतं. दहावीनंतर काय करायचं, कुठली कंपनी धरायची, भरतीचा फॉर्म कुठल्या जिल्ह्यातून भरायचा, ती विचारायची आणि ते सांगायचे. सांगायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता.

आता लागला. ट्रेडमिलचा पंखा अजून घरघरत होता, तो अल्फियाने जाऊन बंद केला. ओव्हाळांच्या ओठांवर 'नको' आलेलं होतं. बापाच्या तोंडी दुसरं काय येणार? पण नको म्हटलं तर तिची वर्दी दुसऱ्यांदा त्यांच्याच हातून जाणार होती. आणि पळ म्हटलं आणि मैदानावर हाड मोडलं, तर तेही त्यांनीच सांगितलेलं असणार होतं, पुन्हा एकदा, न पाहता. त्यांनी तिच्या पावलांकडे पाहिलं. काळी नखं, मळकी चिकटपट्टी. ही पावलं त्यांनी ती चालायला लागली तेव्हा हातात घेतली असतील. त्यानंतर नाही.

"मला न्हाई गं कळत पायातलं," ते म्हणाले. "तूच सांग."

उमरने मान खाली घातली. अल्फिया पडद्याआड गेली. एकतीस वर्षांत असं वाक्य ओव्हाळांनी कुणापुढे उच्चारलं नव्हतं आणि आज ते परक्या माणसांदेखत, स्वतःच्या मुलीला सांगावं लागलं होतं.

आम्रपालीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते रागाने म्हणतायत का, हे ती पाहत असावी. मग तिने डोळ्यांवर आलेले केस मागे सारले.

"पाच नंबर द्या," ती उमरला म्हणाली. "आठ दिवस अजिबात पळत नाही. शुक्रवारी पळते. फोटो शनिवारी काढते."

उमरने ओव्हाळांकडे पाहिलं. बाप काही बोलेल, अडवेल, अशी त्याची आशा दिसत होती.

"तिला विचारा," ओव्हाळ म्हणाले. "पाय तिचाय."

उमर जमिनीवरून उठला. मग त्याने खोका पुढे ओढला. "घरात घालून फक्त चालायचं," तो म्हणाला. "दुखलं की बसायचं. आणि शुक्रवारी सकाळी मन बदललं तर बूट परत आणा, वापरलेले असले तरी मी घेईन."

"आणणार नाही," आम्रपाली म्हणाली. मग तिला ते तुटक वाटलं असावं. "थँक्यू दादा," असं ती मागाहून म्हणाली.

बिल झाल्यावर गाडी काढतो म्हणून ओव्हाळ पुढे निघाले. दुकानाबाहेर चार पायऱ्या होत्या आणि खाली रस्त्याच्या कडेला मोटरसायकल. संध्याकाळची गर्दी आता चांगलीच वाढली होती, रिक्षा, दुचाक्या, कंपन्यांच्या बसेस. त्यांनी गाडी स्टँडवरून काढली आणि सहज मागे पाहिलं. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. नवे बूट घालून आम्रपाली फळीपर्यंत जात होती आणि परत येत होती. उमर तिला हाताने काहीतरी दाखवत होता, पाऊल कसं टेकवायचं ते, आणि ती हसून मान हलवत होती. तिची चाल सरळ होती. मग उमर खोका बांधायला वळला. त्याची पाठ फिरताच ती थांबली, मोज्यांची फळी तिने दोन्ही हातांनी धरली, डावा पाय जमिनीवरून उचलला आणि डोळे मिटून एका पायावर उभी राहिली.

ओव्हाळांनी तोंड रस्त्याकडे केलं. खिशातून रुमाल काढला आणि सीट पुसायला घेतली. सीट स्वच्छ होती. आधी लांबीने पुसली, मग आडवी, मग टाकी, मग आरसे.

मागे दाराचा आवाज झाला. पायरीवर एक पाऊल पडलं, मग दुसरं त्याच पायरीवर त्याच्याजवळ येऊन थांबलं. मग पुन्हा तसंच. लहान मूल उतरतं तसं, एकेक पायरी, दोन्ही पाय जुळवत. त्यांनी वळून पाहिलं असतं, तर ती चारही पायऱ्या नीट उतरून आली असती. किसन ओव्हाळ सीट पुसत राहिले.